थेंबाचा लेसर: तो काय मोजतो आणि कुठे फसवतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: "तेलाचा किंवा पाण्याचा एवढासा थेंब लेसर होतो असं वाचलं. तो खरंच लेसर असतो की नुसतं चमकणं? त्याने प्रथिनं, विषाणू, कीटकनाशकं ओळखता येतात म्हणतात, ते कितपत खरं? आणि आमच्या एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत, फार खर्च न करता, यातलं काही करून बघता येईल का?"

पहिल्याचं उत्तर: खराच लेसर. दुसऱ्याचं: ओळखता येतात, पण अडचण जिथे आहे असं लोक सांगतात तिथे ती नाही. तिसऱ्याचं: अर्धं नक्की करता येईल. गेली अठरा वर्षं मी रंगद्रव्यांचे लेसर, स्पेक्ट्रोमीटर आणि थेंब यांच्यातच वावरतोय, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

विजापूरचा गोलघुमट तुम्ही पाहिला असेल. तिथला गाइड टाळी वाजवून प्रतिध्वनी ऐकवतो, लोक ओरडून ओरडून घसा बसवतात, आणि खरी गंमत राहूनच जाते. वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून हळूच बोललं, तर पलीकडच्या टोकाला भिंतीशी कान लावलेल्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येतं. आवाज मधून आडवा जात नाही, वाकड्या भिंतीला चिकटून सरकत जातो. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधल्या अशाच सज्जाचा उलगडा लॉर्ड रॅले यांनी केला. 1921 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन लंडनला गेले असताना त्यांनी तिथे प्रयोग केले, आणि पुढच्या वर्षी भारतातल्या अशा वास्तूंवर लिहिलं. त्यांत गोलघुमटही होता.

थेंबात हेच प्रकाशाच्या बाबतीत घडतं. तेलाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात किती मंदावतो याचा आकडा, बाहेरच्या पाण्यापेक्षा किंवा हवेपेक्षा जास्त असतो, म्हणून आतून काठाला तिरका आदळलेला प्रकाश बाहेर पडत नाही. बारावीत शिकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. प्रकाश काठाकाठाने फिरतो, आणि फेरी पूर्ण करून परत येताना त्याची लाट स्वतःशीच नेमकी जुळली तर ती टिकते. जुळण्यासाठी परिघात पूर्ण संख्येने लाटा बसाव्या लागतात. 10 मायक्रॉन त्रिज्येचा, 1.5 अपवर्तनांकाचा थेंब घ्या आणि 600 नॅनोमीटरचा नारिंगी प्रकाश घ्या: परिघात साधारण 157 लाटा बसतात. 158 बसवायच्या तर रंग जरासा निळ्याकडे न्यावा लागेल, सुमारे 3.8 नॅनोमीटरने. म्हणून थेंबाचा वर्णपट कंगव्यासारखा दिसतो, ठरावीक अंतरावर दाते असलेला.

आता लेसर. लेसरला तीन गोष्टी लागतात: प्रकाश वाढवणारं द्रव्य, त्याला ऊर्जा पुरवणारा पंप, आणि प्रकाशाला पुन्हा पुन्हा त्या द्रव्यातून फिरवणारे आरसे. पहिलं म्हणजे थेंबात विरघळवलेलं रंगद्रव्य, बहुतेकदा ऱ्होडामीन 6जी किंवा तेलासाठी नाइल रेड. दुसरं म्हणजे बाहेरून मारलेले हिरव्या लेसरचे झटके. आणि आरसा म्हणजे थेंबाचा काठच.

या आरशावर मी खरोखर भाळलेलो आहे. माझं अर्धं आयुष्य आरशांचे स्क्रू पिळण्यात गेलं. टेबलाला कुणाचं कोपर लागलं की दोन तासांचं काम पाण्यात. थेंबाला पॉलिशही लागत नाही नि अलाइनमेंटही नाही, पृष्ठताणच त्याला गोल करतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला 72 मिलीन्यूटनच्या आसपास असतो. त्याच्या पृष्ठभागावर उष्णतेमुळे ज्या लहरी उठत राहतात त्यांची उंची हिशोबाने पाव नॅनोमीटरच्या घरात येते. नारिंगी प्रकाशाच्या लांबीच्या दोन हजारांश भागाहूनही कमी. काचेवर एवढा गुळगुळीतपणा आणायचा तर कसबी पॉलिशवाल्याचे हात भरून येतात. इथे तो बाटली हलवली की मिळतो.

ही कल्पना जुनी आहे. 1961 मध्ये, पहिल्या लेसरनंतर वर्षभरातच, बेल लॅब्जमध्ये समॅरियम मिसळलेल्या कॅल्शियम फ्लोराइडच्या घन गोळ्यात असा लेसर चालवला गेला. 1977 मध्ये तिथेच आर्थर अ‍ॅश्किन आणि डझिएड्झिक यांनी लेसरच्या झोतावर तेलाचे थेंब अधांतरी तरंगवले, आणि ठरावीक रंगांना थेंबावरचा प्रकाशाचा दाब एकदम वाढतो हे दाखवलं. तेच कंगव्याचे दाते. आणि 1984 मध्ये येल विद्यापीठात रिचर्ड चँग यांच्या गटाने ऱ्होडामीन मिसळलेल्या इथेनॉलचे थेंब हवेतून सोडून, प्रत्येक थेंब लेसर होतो हे सिद्ध केलं. दोन वर्षांनी त्यांनी उजळलेल्या कडांच्या थेंबांची छायाचित्रं छापली. म्हणजे हा शोध काही परवाचा नाही, मधली बरीच वर्षं तो फक्त प्रकाशशास्त्रवाल्यांच्या कौतुकाचा विषय होता, इतकंच.

"लेसर की नुसतं चमकणं?" हा तुमचा प्रश्न मात्र फार बरोबर आहे, कारण इथे बरेच जण घसरतात. वर्णपटात कंगवा दिसला म्हणजे लेसर झाला असं नव्हे. साध्या प्रतिदीप्तीतही, म्हणजे रंगद्रव्याच्या नुसत्या चमकण्यातही, दाते दिसतात, कारण थेंबाची भूमिती काही रंगांना झुकतं माप देतेच. लेसर ठरवायचा तर पंपाची ऊर्जा हळूहळू वाढवत एका दात्याची उंची मोजायची आणि आलेख काढायचा. एका ठिकाणी आलेख कोपरातून वाकल्यासारखा वळतो आणि एकदम चढू लागतो. तोच थ्रेशोल्ड, लेसर सुरू होण्याचा उंबरठा. त्याच सुमारास दाते सडसडीत होतात आणि मागचं पसरट चमकणं वाढायचं थांबतं. हा आलेख नसलेला शोधनिबंध परीक्षणाला आला की मी पुढचं वाचायच्या आधी तोच मागतो.

आता मोजमापाकडे येऊ. दात्याची जागा थेंबाच्या त्रिज्येवर अवलंबून आहे, आणि प्रमाण सरळ आहे: त्रिज्या दहा हजारांश वाढली तर तरंगलांबीही दहा हजारांश वाढते. वरचा 10 मायक्रॉनचा थेंब 1 नॅनोमीटरने फुगला, तर 600 नॅनोमीटरची रेषा 0.06 नॅनोमीटरने सरकेल, आणि एवढं सरकणं चांगल्या स्पेक्ट्रोमीटरवर दिसतं. केसाची जाडी 80 हजार नॅनोमीटरच्या आसपास असते, हे लक्षात घेतलं म्हणजे ही पट्टी किती बारीक आहे ते कळेल.

पण हीच पट्टी सगळंच मोजते, आणि माझं मुख्य म्हणणं तेच आहे. थेंब फुगला तर रेषा सरकते. बाहेरच्या पाण्यात मीठ पडलं तर सरकते. काठावर प्रथिन चिकटलं, पंपाने थेंब तापला, रंगद्रव्य जळालं, थेंब चपटा झाला, तरी सरकते किंवा फुटते. लोक विचारतात, "किती कमी मोजता येतं?" मी विचारतो, "जे सरकलं ते कशामुळे, हे कसं ठरवलं?"

एक प्रसंग सांगतो. आम्ही द्रवस्फटिकाच्या (द्रवासारखा वाहणारा, पण ज्याचे रेणू रांगेत राहतात असा पदार्थ) थेंबांवर काम करत होतो. पाण्यात एक प्रथिन सोडलं आणि विद्यार्थी धावत आला: सर, रेषा सरकली! पडद्यावर सुंदर लहर होती, 0.4 नॅनोमीटर वर, मग खाली, मग पुन्हा वर. प्रथिन चिकटतंय, सुटतंय, पुन्हा चिकटतंय, अशी कथा संध्याकाळपर्यंत तयार झाली. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, नुसतं पाणी घालून बघ. तीच लहर. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत शांतता होती तेव्हा ऐकू आलं: एसीचा कॉम्प्रेसर घर्रर्र करून सुरू झाला की रेषा एका बाजूला जायची, बंद झाला की परत यायची. द्रवस्फटिकाचा अपवर्तनांक तापमानाला भलताच हळवा असतो. एका अंशाने काही रेषा नॅनोमीटरच्या आसपास सरकतात. आम्ही तीन दिवस खपून एसीचा थर्मोस्टॅट मोजला होता.

साध्या तेलाच्या बाबतीत, गंमत म्हणजे, हा त्रास बराच कमी असतो. तापल्यावर तेल फुगतं, त्यामुळे रेषा तांबड्याकडे जाते. त्याच वेळी अपवर्तनांक उतरतो, त्यामुळे ती निळ्याकडे येते. दोन्ही परिणाम बरेचसे एकमेकांना खोडतात. पुस्तकात हे एका ओळीत असतं, पण कोणतं द्रव निवडायचं ते यावरच ठरतं.

कारणं वेगळी करायची वाट आहे, पण ती मेहनतीची आहे. थेंबात प्रकाश दोन ध्रुवणांत, म्हणजे लाटेच्या कंपनाच्या दोन दिशांत, फिरतो आणि दोघांचे कंगवे वेगवेगळे असतात. त्रिज्या बदलली तर दोन्ही जवळपास सारखेच सरकतात. बाहेरचा अपवर्तनांक बदलला तर दोन्हींचं सरकणं थोडं वेगळं असतं. म्हणून एका दात्यावर डोळा न ठेवता आठ-दहा दाते एकत्र घेऊन त्यांच्यावर हिशोब बसवायचा, म्हणजे त्रिज्या आणि अपवर्तनांक दोन्ही हाती लागतात.

विषाणू आणि प्रथिनांच्या बातम्यांत एक गल्लत नेहमी होते. 2002 मध्ये फ्रँक व्होल्मर, स्टीफन अरनॉल्ड आणि सहकाऱ्यांनी प्रथिनांचा थर ओळखला, 2008 मध्ये इन्फ्लुएंझाचा एकेक विषाणू टिपला, हे खरं. पण ते काचेचे घन गोळे होते आणि त्यांत बाहेरून प्रकाश सोडलेला होता. ते थेंबही नव्हते नि लेसरही नव्हते. तत्त्व तेच: काठाबाहेर शंभर-दीडशे नॅनोमीटरपर्यंत प्रकाशाची पुसट शेपटी असते, तिच्यात काही आलं की रेषा हलते. पण काच स्थिर बसते, थेंब हलतो, विरतो, त्याच्या पृष्ठभागावर साबणाचे रेणू आधीच जागा धरून बसलेले असतात. एकेक विषाणू मोजायला मी थेंब घेणार नाही.

कीटकनाशकांसाठी द्रवस्फटिकाची युक्ती मात्र हुशारीची आहे. 5सीबी नावाचा द्रवस्फटिक पाण्यात थेंबरूपाने ठेवला, तर काठावरचे रेणू कसे उभे राहतात त्यावर आतल्या सगळ्या रेणूंची रांग ठरते. काठावर साबणासारखा पदार्थ आला की आडवे रेणू उभे होतात आणि अख्खा थेंब कूस बदलतो. म्हणजे एका थराची खबर पूर्ण थेंब मोठ्याने सांगतो. स्लोव्हेनियात ल्युब्लियाना इथे मात्याझ हुमार आणि इगोर मुशेविच यांनी 2011 मध्ये याच मार्गाने साबणासारखे पदार्थ ओळखले. यात अ‍ॅसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) जोडता येतं. ते मिरिस्टॉइलकोलीन नावाच्या साबणासारख्या पदार्थाचे तुकडे करतं आणि थेंब कूस बदलतो. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक असेल तर विकर लुळं पडतं आणि थेंब आहे तसाच राहतो. पण यातून "विकराला अडवणारं काहीतरी आहे" एवढंच कळतं. नाशिकची द्राक्षं युरोपला जाताना अवशेषांची तपासणी होते, तेव्हा नेमकं कोणतं औषध आणि किलोमागे किती, हे सांगावं लागतं. ते एलसी-एमएस, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून रेणूंच्या वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र, सांगतं. थेंब फार तर दारावरचा राखणदार होऊ शकेल.

मग थेंबाचा लेसर खऱ्या अर्थाने कुठे शोभतो? जिथे तार, सुई किंवा फायबर नेताच येत नाही तिथे. माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत देखणं काम 2015 चं आहे. हुमार आणि सोक ह्युन युन यांनी बारीक काचनळीने जिवंत पेशीच्या आत तेलाचा थेंब सोडला आणि तो पेशीतच लेसर म्हणून चालवला. साधं तेल इथे चालत नाही. पेशीद्रव्य पाण्यापेक्षा थोडं दाट असतं, थेंब छोटा हवा, आणि दोन अपवर्तनांकांत फरक कमी असला तर छोट्या थेंबातून प्रकाश गळतो. म्हणून त्यांनी 1.69 अपवर्तनांकाचं पॉलिफेनिल ईथर घेतलं.

यात त्यांनी रेषेची जागा नव्हे, तर रेषेचं फुटणं मोजलं. थेंब अचूक गोल असेल तर विषुववृत्तावरून जा किंवा तिरकं जा, फेरी सारखीच लांब, म्हणून सगळ्या फेऱ्यांचा रंग एकच. पेशीने थेंबाला जरा दाबलं की तो अंडाकृती होतो, वेगवेगळ्या फेऱ्या वेगवेगळ्या लांबीच्या होतात, आणि एका दात्याच्या जागी दात्यांचा गुच्छ उभा राहतो. गुच्छ जितका रुंद तितका दाब जास्त. तापमानाने किंवा फुगण्याने गुच्छ सरकतो, पण रुंदावत नाही. वरची तक्रार इथे आपोआप मिटते, आणि म्हणूनच हे काम मला आवडतं. पेशीच्या आतला ताण सुमारे 500 पास्कल निघाला, आणि 20 पास्कलपर्यंतचे चढउतार दिसले. त्याच कामात एक गोष्ट अशी की चरबीच्या पेशीत थेंब सोडावाही लागला नाही. तिच्यात निसर्गानेच एक मोठा, गोल, तेलाचा थेंब भरून ठेवलेला असतो. डुकराच्या त्वचेखालच्या चरबीत रंगद्रव्य मुरवलं आणि ती पेशी स्वतःच लेसर झाली.

हुमार यांच्याच गटाने अलीकडे साबणाच्या फुग्याचा लेसर करून दाब मोजला, आणि तेलात क्लोरोफिल घालून खाण्याजोगे लेसरही केले. त्यांच्या आकारांत तारखेसारखी माहिती लपवता येते. त्याचा व्यापारी उपयोग होईल का, याबद्दल मी साशंक आहे. पण ऑलिव्ह तेलातलं मूळचं क्लोरोफिलच लेसरला पुरतं, हे वाचून मी मनापासून हसलो.

आता तुमची प्रयोगशाळा. पाण्याच्या थेंबाच्या वाटेला जाऊ नका, 20 मायक्रॉनचा थेंब उघड्या हवेत सेकंदभरही टिकत नाही. सूक्ष्मदर्शकाचं इमर्शन ऑइल घ्या. अपवर्तनांक 1.515, आणि ते कपाटात असतंच. त्यात चिमूटभर नाइल रेड विरघळवा. ते पाण्यात जवळपास उतरत नाही, म्हणून थेंबातच राहतं. परीक्षानळीत कोमट पाणी, थोडं जिलेटिन आणि तेलाचा एक थेंब टाकून जोरात हलवा आणि स्लाइडवर गार होऊ द्या. थेंब जागच्या जागी अडकतात. सगळ्या आकारांचे मिळतील. त्यांतले 30 मायक्रॉन व्यासाच्या आसपासचे निवडा, आणि काचेला टेकलेले सोडून द्या, कारण टेकल्या जागेतून प्रकाश काचेत पळतो.

खराखुरा लेसर करायचा तर 532 नॅनोमीटरचा, नॅनोसेकंदांच्या झटक्यांचा लेसर लागतो. सतत चालणाऱ्या पॉइंटरने जमत नाही, रंगद्रव्याचे रेणू एका निरुपयोगी अवस्थेत अडकून बसतात. झटक्यांचा लेसर तुमच्या विद्यापीठात कुठल्यातरी विभागात असेल, मागून बघा. तोवर हिरव्या पॉइंटरनेही प्रतिदीप्तीतला कंगवा दिसेल. 30 मायक्रॉनच्या थेंबात दाते साधारण 2.5 नॅनोमीटर अंतरावर पडतात, त्यामुळे अर्धा नॅनोमीटर वेगळं करणारा स्पेक्ट्रोमीटरही दाते दाखवतो. दोन ध्रुवणांचे कंगवे एकमेकांत अडकलेले दिसले तर समोर पोलरायझर धरा. आणि आयपीसला डोळा लावायचा नाही, कॅमेरा लावायचा. स्वस्त पॉइंटरमधून अवरक्त प्रकाशही गळतो, तो दिसत नाही, म्हणून आपण बेसावध राहतो.

मग जिलेटिनवर 20 टक्के साखरेचं पाणी सोडा आणि ते मुरेपर्यंत थांबा. बाहेरचा अपवर्तनांक 1.333 वरून 1.364 वर जातो, आणि माझ्या हिशोबाने रेषा अर्ध्या नॅनोमीटरच्या आत-बाहेर सरकायला हवी. ते टिपायला मात्र 0.1 नॅनोमीटरचा स्पेक्ट्रोमीटर हवा. आता हेही लक्षात घ्या की द्राक्षबागायतदाराच्या खिशातला ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर हेच मोजमाप याहून कितीतरी चांगलं करतो. बाटलीभर द्रावण मोजायला थेंबाचा लेसर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. फक्त रिफ्रॅक्टोमीटर पेशीत घुसत नाही.

साखर सोडण्याआधी त्याच थेंबाचा वर्णपट तासभर, दर मिनिटाला, काहीही न करता नोंदवून ठेवा. एसी चालू ठेवून एकदा आणि बंद करून एकदा.